डाळीपुरती कळशी

रनाळे, जि. नंदुरबार
२५ नोव्हेंबर २०२४

ती. वत्सलाताई यांस,
उमाकांतचा सा. नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण माझ्या फोनवर काय आलं-गेलं ते नवनीतला सुरतेत बसून दिसतं. बाबा कुठे फसू नयेत म्हणून त्यानेच तशी जोडणी करून ठेवली आहे. शिवाय चौतीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला महत्त्वाची गोष्ट कागदावरच धड मांडता येते.

तुमच्या बहिणीला तुम्ही नवापूरला ठेवून घेतलंत, हे मी विसरणार नाही. जबडा तारांनी बांधलेला, तोंड उघडत नाही, बोलणं बंद, दूध-पाणी नळीने. सुरतचे डॉक्टर जवळ पडावेत म्हणून ती तुमच्याकडे आणि मी इथे एकटा. शेजारून डबा येतो. तो मी खातो, पण डबा उघडला की घर जास्तच रिकामं वाटतं.

ती पडली कशी, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. रोजच्यासारखी सकाळी पितांबरच्या विहिरीवरून कळशी भरून आली आणि ओट्याच्या पायरीवर घसरली. हनुवटी थेट दगडावर. ताई, आमच्या घरात बावीस वर्षांपासून नळ आहे. बोरचं पाणी, हवं तेव्हा हवं तेवढं. तरी हिला विहिरीवर जायची खोड. मी रोज म्हणायचो, "घरमा नळ शे, मंग विहिरवर काबर जास? गप्पा माराले?" ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. असो.

आता कामाचं. तारा निघाल्यावर आईला कायमची सुरतेला नेतो, असं नवनीत म्हणतो. त्यानंतरही दोन महिने तिला काही चावायचं नाही, आणि उतरलेलं वजन भरून आलं पाहिजे. "बाबा, तुम्हाला चहा करता येत नाही. आईला काय धडे वाचून जगवणार?" असं तोंडावर म्हणाला. त्याचं खोटं नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी पाण्याचा पेलासुद्धा हाताने भरून घेतलेला नाही. सुरतेला जायचं का, हे तुमच्याकडे येऊन तिला विचारलं तर पाटीवर एकच शब्द लिहिते, 'बघू'. त्या 'बघू'ने माझी झोप उडाली आहे.

शेवटी मी नवनीतकडून एक संधी मागून घेतली. रविवारी, ५ जानेवारीला तो तिला घेऊन इथे येईल. त्या दिवशी मी स्वतः रांधलेलं ती पोटभर जेवली, तर ती इथेच राहील. नाही जेवली तर संध्याकाळी सामानासकट सुरत.

डॉक्टरांच्या कागदावर एक सूप लिहिलेलं आहे. वाटाण्याच्या हिरव्या डाळीचं, गाजर-बटाटा घातलेलं, घट्ट आणि बिनतिखट. इंग्रजी मला वाचता येतं, पण 'मंद आचेवर रटरटू द्यावे' या वाक्याशी माझं ज्ञान संपतं. मंद म्हणजे किती? डाळीसाठी शांतीलालशेठच्या दुकानात गेलो तर म्हणाला, "गुरुजी, वाटाना शे, पन आख्खा. दाय नंदुरबारले भेटी." नंदुरबारला गेलो, तिथे पिवळी मिळाली. ती घेऊन आलो आणि तिच्याकडे बघत बसलो आहे.

तर तुम्ही हे सूप मला पत्राने शिकवा. बहिणीला मात्र कळू देऊ नका. फजिती झालीच तर ती तुमच्या-माझ्यात राहावी.

आपला,
उमाकांत


नवापूर
३० नोव्हेंबर २०२४

उमाकांतराव यांस अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून मी एवढी हसले की शेजारीण काय झालं ते विचारायला आली. ज्या माणसाने जेवताना मीठसुद्धा मागून घेतलं, तो सूप करणार! पण मनातून बरं वाटलं, हेही सांगते. गजराला मी काही बोलले नाही. ती आतल्या खोलीत असते, पाटी आणि खडू घेऊन. निश्चिंत राहा.

इथे येणारा-जाणारा सांगतो, अंडी द्या, कोंबडीचं पाणी द्या. आमच्या या कोंबड्यांच्या नवापुरात दुसरं सुचणार काय? पण गजरा माळकरी. तिला उभी करील तर डाळच.

पिवळी डाळ शेजारी देऊन टाका. शांतीलालकडचा आख्खा हिरवा वाटाणाच आणा, दोन किलो. यंदाचाच आहे ना, ते विचारा. डाळ घरी करायची, तूर करतात तशी. वाटाण्याला तेलाचा हात लावा, दोन दिवस घरावरच्या धाब्यावर ऊन द्या आणि जात्यावर भरडा. जातं मधल्या खोलीत कोठीमागे आहे, वर जुनं पोतं टाकलेलं. त्याचा खुंटा कोनाड्यातल्या कापडी पिशवीत असतो. जातं घट्ट बसवू नका. मधल्या खिळ्यावर चिंधी गुंडाळून वरचा दगड थोडा उचलून घ्या, नाहीतर डाळीऐवजी पीठ पडेल. सालं सुपड्याने पाखडा.

मग दोन वाट्या डाळ तासभर भिजत घाला. कुकरच्या नादाला लागू नका, तुम्ही शिट्टीला दचकता. जाड बुडाचं पातेलं घ्या. तुपात दोन कांदे बारीक चिरून, लाल होईपर्यंत. घाई करायची नाही. मग लसूण, तमालपत्र, एक गाजर, एक बटाटा, डाळ, आणि डाळीच्या चौपट पाणी. कागदावर सेलरी म्हणून जी भाजी लिहिली आहे, ती आपल्याकडे कुठून येणार? कोथिंबिरीचे देठ घाला. मंद म्हणजे किती ते विचारता? पातेल्यात एका वेळी दोनच बुडबुडे फुटले पाहिजेत. तिसरा फुटला तर गॅस कमी करा.

थंडी पडली असेल. सकाळी धाब्यावर जाताना कानटोपी घाला. लोखंडी पेटीत उजव्या हाताला, तुमच्या तपकिरी स्वेटरखाली आहे. म्हणजे, असेल असं मला वाटतं.

वत्सला


रनाळे
८ डिसेंबर २०२४

ती. वत्सलाताई यांस,
सा. नमस्कार.

कानटोपी सापडली. उजव्या हाताला, तपकिरी स्वेटरखाली. तुमचा अंदाज फार अचूक आहे.

आता अहवाल. जातं काढताना कमरेत उसण भरली, पण ते गौण आहे. पहिल्या दिवशी चिंधी गुंडाळायची विसरलो आणि अर्धा किलो वाटाण्याचं हिरवं पीठ केलं. ते गाईने आनंदाने खाल्लं. दुसऱ्या दिवशी चिंधी जास्त झाली, तर वाटाणे एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने जसेच्या तसे बाहेर. तिसऱ्या दिवशी जमलं. टचटच आवाज करत दाणे फुटू लागले, ताई, आणि दगडाच्या कडेने हिरवीगार डाळ सांडू लागली! मी एकटाच मोठ्याने "वा!" म्हणालो. पाखडताना निम्मी सालं माझ्याच डोक्यावर आली. शेजारणी भिंतीवरून बघत होत्या. बघेनात का. सव्वा किलो डाळ डब्यात भरली आहे आणि डब्यावर माझ्या अक्षरात तारीख घातली आहे.

पण पुढचं सांगायला लाज वाटते. काल सूप केलं. कांदा लाल केला, घाई केली नाही, गॅसपुढे स्टूल घेऊन बसलो आणि बुडबुडे मोजले. दोनच फुटत होते. तास झाला, दोन झाले, तीन झाले. बटाटा विरघळून गेला, गाजराचा पत्ता लागेना, आणि डाळ मात्र बंदुकीच्या छर्र्यांसारखी. घोटणीने घोटायला गेलो तर पातेलं फिरलं, डाळ हलली नाही. शेवटी वाटलं, फोडणीशिवाय डाळ शिजत नसावी. म्हणून भरपूर तेल, जिरं-मोहरी आणि दोन चमचे काळा मसाला घालून चरचरीत फोडणी दिली. मग ते खाल्लं. अर्धा तास उचक्या लागल्या आणि दाढ दुखते आहे. धड दातांच्या माणसाची ही गत, तर तिचं काय होईल?

वाटाणा यंदाचाच आहे, शांतीलालने गळ्यावर हात ठेवून सांगितलं. मग चुकलं कुठे? मी शाळेत नापास झालेल्या पोरांना 'अभ्यास करत नाही' म्हणून रागवायचो. काल पहिल्यांदा कळलं की अभ्यास करूनही नापास होता येतं.

नवनीतचा फोन आला होता. सुरतेच्या घरात आईसाठी खिडकीजवळ पलंग लावला आहे म्हणाला. मी 'बरं' म्हणालो. तिचं वजन किती भरलं, तेवढं कळवा.

उमाकांत


नवापूर
११ डिसेंबर २०२४

उमाकांतराव,

वजन अडतीस किलो. आली तेव्हा त्रेचाळीस होतं. दूध पुरे म्हणते, कशालाच तोंड लावत नाही. तुमच्यापासून लपवून काय करू?

डाळ का शिजली नाही ते सांगते. नीट वाचा.

तुम्ही नळाचं पाणी घातलंत. बोरचं पाणी जड असतं, त्यात डाळ शिजत नाही. तूर नाही, हरभरा नाही, वाटाणा तर नाहीच. दिवसभर गॅस जाळला तरी छर्रे ते छर्रेच राहणार. डाळीला पितांबरच्या विहिरीचं पाणी लागतं. रनाळ्यात तुमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक आहे. गजरा रोज सकाळी कळशी घेऊन जाते ती त्याचसाठी. पिण्याला, धुण्याला, आंघोळीला नळ आहेच. कळशी फक्त डाळीपुरती. तुम्हाला रोज दोन्ही वेळा घोटून एकजीव केलेली डाळ लागते, कण लागला तर ताट सरकवता. ती डाळ नळाच्या पाण्यात होत नाही.

हे गजराच मागे कधीतरी बोलल्याचं आठवलं, म्हणून लिहिलं.

मीठ शेवटी. लिंबूही शेवटी, खाताना. काळा मसाला अजिबात नको, त्याऐवजी मिऱ्याची पूड चिमूटभर. फोडणीवाचून जीव राहत नसेल तर तुपात लसणाच्या चार पाकळ्या लाल करा आणि वरून ओता. पाणी ताजंच आणा, त्याच दिवशीचं.

कळशी मोरीजवळ पालथी असेल. पडली तेव्हा तिला पोचा आला आहे, पण गळत नाही.

वत्सला


नवापूर
२० डिसेंबर २०२४

उमाकांतराव,

नऊ दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. पोस्टमन रोज पुढच्या घरी जातो. मागच्या पत्रात मी जास्त बोलले का? रागावला असाल तर स्पष्ट लिहा. तब्येतीचं काही असेल तर तेही लिहा.

तारा २६ तारखेला निघणार. गजरा दुपारी दाराशी खुर्ची टाकून बसते. विचारलं तर पाटीवर लिहिते, 'ऊन खाते.' आमच्या दारात दुपारी ऊन येत नाही.

दोन ओळी तरी टाका.

वत्सला


रनाळे
२२ डिसेंबर २०२४

ती. वत्सलाताई यांस,
सा. नमस्कार.

रागावलेलो नाही. रागवायचा मला काही हक्क उरलेला नाही. उत्तर लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ओट्यावर होतो, त्याच पायरीपाशी. 'कळशी फक्त डाळीपुरती' एवढं वाचलं आणि पुढचं दिसेना. बावीस वर्षं, ताई. थंडी, ऊन, चिखल. मी खुर्चीत पेपर वाचत तिला म्हणायचो, गप्पा माराले? आणि दुपारी तिनेच आणलेल्या पाण्यातली डाळ भातावर घेऊन खायचो. तिने उलट उत्तर का दिलं नाही, हे कळत नाही. दिलं असेल, मी ऐकलं नसेल. आणि ती पडली त्या दिवशीसुद्धा, रक्त पुसता पुसता मी हेच म्हणालो की तुला किती वेळा सांगितलं होतं. माझ्यासारखा शहाणा माणूस उभ्या पंचक्रोशीत नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळशी घेऊन निघालो. गल्लीतले लोक दार उघडून बघू लागले. पितांबर विहिरीवरच होता. म्हणाला, "गुरुजी, तुम्हीन? आज सूर्य कोनीकडथून उगना?" मी म्हटलं, डाळीला पाणी हवंय. तर तो कसा बोलला बघा, "मंग! बोरना पानीमा दाय शिजस का कधी? तुमले इतलं बी माहीत नही का?" नव्हतं माहीत. सबंध गावाला अक्षरं शिकवली, आणि गल्लीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट मला अडुसष्टाव्या वर्षी कळली.

कळशी भरली. ती खांद्यावर घेतली आणि निम्मी अंगावर सांडली. डोक्यावर घेतली तर मान गेली. तिसऱ्या दिवशी कमरेवर घेऊन अर्ध्या वाटेत बसलो. चार दिवस खांदा उचलत नव्हता, उत्तर न लिहिण्याचं ते एक कारण. पाचव्या दिवसापासून थेंबही सांडत नाही.

आणि आता ऐका! डाळ विरघळली! पाऊण तासात दाणे फुगले, सव्वा तासात कडा गेल्या, दीड तासात घोटणी फिरवली तर पातेलं नव्हे, डाळ फिरली. हिरवं, दाट, मऊ. पळी वर धरली की लोण्यासारखं सावकाश खाली येतं. कण नाही. शपथेवर सांगतो, एक कण नाही. मीठ शेवटी, मिरी शेवटी, वरून तुपातला लसूण. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच दोन वाट्या खाल्ल्या. पितांबरला डबा पाठवला तर त्याने डबा धुऊन परत पाठवला आणि वर विचारलं, "झ्याक शे, पन ह्यामा मिरची कोठे शे?" त्यानंतर आणखी वाटाणा भरडून आजपर्यंत सहा वेळा केलं आहे, सहाही वेळा जमलं.

एक गोष्ट राहिली. तिला सुरतेला जायचं का, हे मी इतक्यांदा विचारलं. 'घरी ये' असं एकदाही म्हटलं नाही. ते मला सुचलंच नाही, कारण ती घरीच असते असं मी धरून चाललो होतो. हे पत्र तिला वाचून दाखवू नका. दाखवलंत तरी माझी हरकत नाही.

घरी ये, असं माझं म्हणणं आहे.

उमाकांत


नवापूर
२८ डिसेंबर २०२४

उमाकांतराव,

तारा निघाल्या. तोंड अजून बोटभरच उघडतं, बोलताना दुखतं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सुटेल.

नवनीत आला होता. मनाने चांगला आहे हो, पण ठरवूनच आलेला. आईचं सामान दोन पिशव्यांत भरून ठेवलं सुद्धा. म्हणतो, बाबांचं मन राखायला रनाळ्याला थांबू, तासाभरात पुढे निघू. सूनबाईने केळ्याची पेज केली होती, गजराने दोन चमचे घेतले आणि वाटी सरकवली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे, महिनाभरात जेवू लागली नाही तर पुन्हा दवाखान्यात भरती करायचं.

तेव्हा ५ तारखेला, रविवारी चुकू नका. डाळ जुनी वापरू नका. कांद्याशी घाई नको. आणि निळा सदरा घालू नका, त्याचं वरून दुसरं बटण तुटलेलं आहे.

तुमचं बाविसाव्या तारखेचं पत्र मी कोणाला दाखवलं नाही. ते आता कुठे आहे, हे मात्र मला विचारू नका.

वत्सला


रनाळे
७ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
गजराचा साष्टांग नमस्कार.

हे माझ्या हाताने लिहिलेलं आहे. अक्षराला हसू नको, सातवीनंतर एवढं कधी लिहिलं नव्हतं. महिनाभर मी पाटीवर लिहायचे आणि तू कागदावर उतरवायचीस, त्याची आता सवय लागली आहे.

रविवारचं सगळं सांगते. गाडी दारात आली तर ओट्यावर सगळी गल्ली जमलेली. बायका, म्हातारे, शांतीलाल दुकान बंद करून आलेला. मास्तर सूप करणार ही बातमी पार खांडबारा गावापर्यंत गेली असेल. पितांबर पुढे येऊन म्हणाला, "वयनी, गुरुजींनी मन्ही विहीर अर्धी करी टाकी!" आणि हे? कमरेला माझ्या जुन्या साडीचा पदर फाडून केलेलं फडकं, कपाळाला घाम, अंगात निळा सदरा. बटण लावलेलं होतं, पांढऱ्या दोऱ्याने. स्वतः लावलं म्हणे.

मला खुर्चीत बसवलं आणि कोणाला आत येऊ देईनात. मी ओट्यावरून वास घेत होते. कांदा बरोबर लाल झाला होता, करपला नव्हता. तमालपत्राचा वास आला. मला वाटलं, आता आपल्याला काहीच करायचं नाही, आणि रडूच आलं.

नवनीत मात्र घड्याळ बघत होता. भूक लागली, उशीर होतो म्हणून आत गेला. पातेल्यात डोकावला असावा, आणि हे फार घट्ट आहे, आईला गिळता येणार नाही म्हणून तांब्या घेऊन नळ सोडला. नळाचा आवाज मी ओळखते. माझा जीव खाली-वर. आता सगळ्यावर पाणी पडतं की काय! तेवढ्यात आतून यांचा आवाज आला. वर्गातसुद्धा एवढे ओरडले नसतील.

"थांब रे! नळनं पानी टाकू नको! दाय बिघडी जाई!"

नवनीत हातात तांब्या घेऊन तसाच उभा. म्हणाला, पाण्याने काय बिघडतं बाबा, पाणी ते पाणीच. त्यावर हे काय म्हणाले, ते मी शब्दाला शब्द सांगते. "तुझी आई बावीस वर्षं विहिरीचं पाणी आणते ती वेडी म्हणून नाही. मी वेडा होतो म्हणून तिला एकटीला आणावं लागलं." सगळ्या ओट्याने ऐकलं. सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या, अक्का. या गल्लीत असं कधी घडलेलं नाही.

मग पोचा आलेल्या कळशीतलं वाटीभर पाणी गरम करून पातेल्यात घातलं, ढवळलं आणि काशाच्या वाटीत वाढून आणलं. वर तुपातला लसूण. लहान चमचा, तोही आठवणीने. वाटी काठोकाठ भरलेली, पण सांडलं नाही. पहिला चमचा तोंडात गेला तो आपोआप खाली उतरला. जिभेलाही कण शोधून सापडला नाही. मीठ किंचित कमी होतं, ते मी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. वाटी संपली. मी यांच्याकडे बघितलं. यांनी श्वास धरून ठेवला होता. दोन महिन्यांत माझ्या तोंडून धड शब्द निघाला नव्हता. तो निघाला. वाटी पुढे केली आणि आणखी मागितलं, "आखो."

ओट्यावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. शांतीलाल असावा. मी तीन वाट्या जेवले. नवनीतने उभ्याने एक वाटी चाखली, मग बसून दोन खाल्ल्या, मग तडक गाडीकडे गेला. मला वाटलं, रागावला. तर माझ्या दोन्ही पिशव्या घेऊन आला आणि मधल्या खोलीत खुंटीला अडकवल्या. जाताना बापाच्या पाया पडला आणि सुपाची कृती लिहून मागितली. यांनी काय दिलं असेल? तुझी पत्रं! म्हणाले, झेरॉक्स काढ आणि मूळ प्रती परत पाठव.

आता मुख्य गोष्ट. दुपारी सगळे गेल्यावर मी हळूच विचारलं, ही पत्रं तुम्हाला कोण लिहीत होतं, माहीत आहे का? म्हणाले, "पहिल्याच पत्रात कळलं. वत्सलाताई मला कानटोपी घालायला कशाला सांगतील? माझी कानटोपी कुठे आहे, हे जगात एकाच माणसाला माहीत आहे." मी म्हटलं, मग तेव्हाच बोलला का नाहीत? गंमत बघत होता?

तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकेचाळीस वर्षांत तू मला पहिल्यांदाच पत्रं लिहीत होतीस. बोललो असतो तर थांबली असतीस."

 जबडा दुखतो असं सांगून मी तोंडाला पदर लावला.

काल वजन केलं. यांनी शाळेतून काटा मागून आणला. एकोणचाळीस. फळ्यावर लिहितात तसं भिंतीवर खडूने लिहून ठेवलं आहे.

आणि आज सकाळचं सांगून पत्र संपवते. मी ओट्यावर कोवळ्या उन्हात बसले होते. हे कानटोपी घालून, कमरेवर कळशी घेऊन ऐटीत निघाले. विहिरीवर पितांबरशी काय बोलणं चाललं होतं कोण जाणे, अर्धा तास झाला तरी परत नाहीत. शेवटी आले हसत हसत. मी खुर्ची सावरून बसले, दुखत होतं तरी तोंड उघडलं तेवढं उघडलं, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले,

"घरमा नळ शे, मंग विहिरवर काबर जातस? गप्पा माराले?"

तुझी,
गजरा